उन्हाळ्यात खडे, श्रावणात बुरशी: मोरांबा दर वर्षी का बिघडतो आणि त्यावर काय करायचं

वैशाखात हौसेनं मोरांबा करायचा. महिन्याभरात बरणीच्या तळाला साखरेचे खडे बसतात. खडे बसले नाहीत, तर श्रावणात झाकण उघडल्यावर वर पांढरी-हिरवी बुरशी दिसते. कितीतरी घरांत एका वर्षी हे, दुसऱ्या वर्षी ते, असं चालू असतं. खडे झाले म्हणून पुढच्या वर्षी पाक जरा सैल ठेवतात, मग बुरशी येते. बुरशी आली म्हणून त्याच्या पुढच्या वर्षी पाक कडक करतात, की पुन्हा खडे. दोष मात्र जातो कैरीला, साखरेला, बरणीला, आणि बऱ्याच वेळा घरातल्या बाईला: "हिच्या हाताचा मोरांबा टिकतच नाही." हे वाक्य ऐकलं की मला फार वाईट वाटतं, कारण हाताचा यात काडीचा संबंध नसतो. दोन्ही बिघाडांचं मूळ एकच आहे. पाकात पाणी किती उरलं, हे आपण मोजत नाही.

पाकाचा आकडा

घरातल्या साध्या तापमानाला शंभर ग्रॅम पाकात साधारण ६७ ग्रॅम साखर विरघळलेली राहू शकते. त्याहून जास्त असेल, तर वरची साखर आज ना उद्या खडे होऊन बाहेर पडणार. दुसरीकडे, प्रमाण ६५ च्या खाली घसरलं की बुरशीला आणि यीस्टला जगण्यापुरतं मोकळं पाणी मिळू लागतं. बाजारात विकायच्या जॅमलाही आपल्याकडे विद्राव्य घटक किमान ६५ टक्के असण्याचं बंधन आहे, ते उगीच नाही. म्हणजे आपल्याला मिळालेली जागा दोन-तीन टक्क्यांची. एवढी बारीक जागा नुसत्या नजरेनं दर वर्षी साधेल, असं धरून चालणं चुकीचं आहे.

घरच्या मोरांब्याला मी ६८ धरते. ६७ च्या वर असूनही तो साखरत नाही, कारण आंबट फळाबरोबर उकळताना साखरेचा काही भाग फुटून त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. अशा मिश्र पाकाला खडे धरणं जड जातं. हे फुटणं आंबटपणावर अवलंबून असतं. त्याबद्दल पुढे सांगते.

आपल्या हवेचा हिशोब

असा मुरलेला पाक हवेशी सतत देवाणघेवाण करत असतो. हवेतली आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांच्या वर गेली की तो हवेतलं पाणी ओढून घेतो, तिच्या खाली असली की हवेला पाणी देतो. जुलै-ऑगस्टमध्ये गगनबावड्याकडून झड लागली की कोल्हापुरात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. त्या दिवसांत सैल झाकणाच्या बरणीत वरचा थर पाणी पीत राहतो. मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात याच्या उलट होतं: कडेला लागलेला पाक सुकतो, त्याचे कण बनतात, ते आत पडतात आणि त्यांच्याभोवती बाकीची साखर जमू लागते.

राजारामपुरीतल्या आमच्या एका शेजारणीच्या सुनेनं मागे बरणीच उचलून आणली होती. "काकी, वरचं काढून टाकलं तर खालचं चालंल का?" वर बोटभर पातळ पाणी सुटलेलं, त्यावर टिकलीएवढे हिरवट ठिपके. मी पळी आत घातली तर मधला पाक मात्र चांगला घट्ट, आणि तळाला पोचल्यावर पळी करकरली. एकाच बरणीत वर बुरशी आणि खाली खडे! तिनं मागच्या वर्षीच्या धास्तीनं पाक जास्त आटवला होता. शिवाय बरणी कोमट असताना झाकण लावलं होतं. झाकणाच्या आत जमलेली वाफ थेंब-थेंब वर पडली, वरचा थर पातळ झाला आणि बुरशी तिथंच धरली. तळाच्या जास्त आटलेल्या पाकानं खडे टाकले. पाक वर-खाली सारखा असतो हे आपण गृहीत धरतो, पण न ढवळलेल्या बरणीत तसं नसतं.

"चालंल का"चं उत्तर: नाही. बुरशी वर दिसते तेवढीच नसते. तिचे तंतू खाली उतरलेले असतात आणि काही बुरश्या विषारी द्रव्यं पाकात सोडतात, जी पुन्हा उकळूनही जात नाहीत. जीव कितीही हळहळला तरी ती बरणी टाकावी लागते.

एकतारी का फसवते

एकतारी पाकाची खूण चुकीची नाही. ती नुसत्या साखर-पाण्याच्या पाकासाठी आहे. कैरीत पेक्टिन भरपूर असतं, ते पाकाला चिकटपणा देतं, त्यामुळे पाणी अजून बरंच शिल्लक असतानाही बोटांत तार दिसते. आणि मोरांबा फोडींचा असेल, तर फोडी गॅस बंद केल्यावरही दोन-तीन दिवस पाणी सोडत राहतात. संध्याकाळी एकतारी असलेला पाक तिसऱ्या दिवशी सैल झालेला असतो, आणि बरणी तोवर माळ्यावर गेलेली असते. ज्यांच्या आजीचा मोरांबा वर्षभर टिकायचा, त्यांनी आठवून बघावं: ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाक पुन्हा उकळायची का? बहुतेक घरांत उत्तर हो येतं. बऱ्याच घरांतून नेमकी ही पायरी गळली आहे.

वजन करा

माझा सगळा भर यावर आहे. साखरांब्यासाठी, म्हणजे कैरीच्या किसासाठी, हिशोब असा: एक किलो किसात पाणी सोडून उरणारा भाग शंभर ग्रॅमच्या थोडा वर असतो. तो शंभर धरू. साखर सव्वा किलो. मिळून १३५० ग्रॅम. याला ०.६८ नं भागलं की जवळजवळ दोन किलो येतात. म्हणजे कीस आणि साखर मिळून सव्वादोन किलो चढवलं, तर शिजून दोन किलो उरेल तेव्हा गॅस बंद. पाव किलो पाणी उडवायचं आहे, बस्स. किसात वरून पाणी घातलं असेल तर तेही उडायला हवं. शेवटचं वजन मात्र दोन किलोच.

साखर बरोबरीनं, एक किलोला एक किलो घेत असाल, तर ११०० ला ०.६८ नं भागा: १६२० ग्रॅम. दोन किलो चढवून तिथवर आणायचं. इथं जास्त वेळ आटवावं लागतं, रंग गडद होतो, पण आंबट-गोड चव मला हीच आवडते.

करायचं कसं? जाड बुडाचं स्टीलचं पातेलं आणि त्यातला उलथना आधी रिकामे एकत्र तोला आणि आकडा कागदावर लिहून ओट्यावर चिकटवा. वजनकाट्यावर लाकडी पाट ठेवून काटा शून्यावर आणा, मग गरम पातेलं त्यावर ठेवा, म्हणजे काटा तापत नाही. घरातले बरेच डिजिटल काटे पाच किलोपर्यंतच घेतात, तेव्हा एका वेळी फार मोठा घाणा करू नका. पितळेचं पातेलं वापरायचं तर कल्हई शाबूत हवी. अॅल्युमिनियम तर नकोच, आंबट रस त्याला खातो.

थर्मामीटर असेल तर

जॅमच्या बहुतेक कृतींत लिहिलेलं असतं, "१०५ अंशांवर उतरवा". हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे, आणि इथं साधं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. त्यामुळे इथली योग्य खूण १०३ च्या जवळ येते. आपण १०५ ची वाट बघत बसलो, तर पाक ७४-७५ टक्क्यांपर्यंत आटतो, आणि असा पाक साखरल्याशिवाय राहत नाही. मुंबई-रत्नागिरीची कृती तंतोतंत पाळून कोल्हापुरात खडे होतात, त्यामागे हे कारण असू शकतं. पन्हाळ्यावर राहणाऱ्यांना आणखी एखादा अंश खाली यावं लागेल.

सोपा उपाय असा की आधी त्याच थर्मामीटरनं उकळत्या पाण्याचं तापमान बघायचं आणि त्यात पाच मिळवायचे. थर्मामीटर एखाद्या अंशानं चुकत असला तरी तो दोन्हीकडे तितकाच चुकेल, म्हणजे हिशोब बरोबर राहतो.

आंबटपणा

कपिलतीर्थ मंडईत किंवा लक्ष्मीपुरीत कैऱ्या घेताना तोतापुरी हाताला लवकर लागते: मोठी, गर भरपूर, किसायला सोपी. पण ती आंबटपणात रायवळच्या मागे पडते. आंबट कमी, की साखर कमी फुटते आणि मोरांबा साखरतो. तोतापुरी घ्यायची असेल तर किलोला दोन लिंबांचा रस घाला, आणि तो साखरेबरोबर सुरुवातीलाच घाला. शेवटी पिळलेलं लिंबू चव देईल, पण साखर फोडायला त्याला उष्णता आणि वेळ दोन्ही मिळत नाहीत.

याची दुसरी बाजूही आहे. फार आंबट कैरी मंद आचेवर तासन्‌तास रटरटत ठेवली, तर साखर गरजेपेक्षा जास्त फुटते. मग ग्लुकोज वाढतं आणि मोरांबा जुन्या मधासारखा रवाळ होतो. म्हणून खड्याचं रूप बघा. टणक, चकचकीत, दाताखाली कडकन फुटणारा खडा म्हणजे पाक जास्त आटला किंवा आंबट कमी पडलं. मऊ, बारीक, जिभेवर विरघळणारा रवा म्हणजे आंबट जास्त किंवा शिजणं फार लांबलं. दोन्हींचे उपाय अर्थातच एकमेकांच्या उलट आहेत, त्यामुळे खडा दिसला की आधी तो चाखा, मग पुढच्या वर्षीचा निर्णय घ्या.

एक बारीक गोष्ट: साखर पूर्ण विरघळेपर्यंत आच मंद ठेवा आणि पातेल्याच्या कडेला चिकटलेले साखरेचे कण ओल्या फडक्यानं पुसून काढा. सगळा पाक बिनचूक असताना तेवढ्या एका कणावरून खडे धरायला सुरुवात होते. साखर घालण्याआधी फोडी किंवा कीस मऊ शिजलेला हवा. एकदा साखर पडली की कैरी पुढे फारशी शिजत नाही, चिवट होते.

गुळांबा

गूळ इथला, त्यामुळे गुळांब्याचा अभिमानही इथला. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी, आणि कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. इतका चांगला गूळ दाराशी असताना गुळांबा आंबून फुकट जातो, तेव्हा जीव कळवळतो.

गुळांबा सहसा साखरत नाही, कारण गुळात फुटलेली साखर मुळातच असते. त्याचं दुखणं वेगळं आहे: तो पाणी ओढतो आणि आंबतो. गुळात पाच टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, आणि गुऱ्हाळांचा हंगाम हिवाळ्यातला असल्यामुळे मेपर्यंत साठवणीतल्या ढेपेनं आणखी पाणी प्यायलेलं असू शकतं. ढेप फोडल्यावर आत कोरडी, करकरीत असेल तर घ्या. बोटाला चिकटणारी, कडेला पाझरणारी ढेप चहाला, पुरणपोळीला चालेल, गुळांब्याला नको. वजनाचा हिशोबही बदलतो. एक किलो किसाला सव्वा किलो गूळ घेतला, तर दोन किलोवर न थांबता १८५० ते १९०० ग्रॅमपर्यंत आणा.

गूळ आधी थोड्या पाण्यात विरघळवून फडक्यातून गाळा. पाचटाचे तुकडे, वाळू जाते. मग हा पाक पाच-दहा मिनिटं खळखळून उकळू द्या आणि नंतरच कीस घाला, कारण उघड्यावर राहिलेल्या ढेपेवर यीस्ट असतं. गूळ करताना रसात चुना पडतो, तो कैरीचा आंबटपणा थोडा मारतो, म्हणून गुळांब्यालाही एक लिंबू जास्त पिळावं. फार पिवळाधमक गूळ टाळा. तो रंग बऱ्याचदा हायड्रोस या रंग उजळवणाऱ्या रसायनानं आणलेला असतो आणि साठवणीत टिकत नाही.

बरणी भरणं

इथं दोनच बरोबर वाटा आहेत, आणि बिघाड होतो तो मधल्या वाटेनं गेल्यामुळे.

पहिली: बरणी आणि झाकण दहा मिनिटं पाण्यात उकळून, निथळून, गरम असतानाच त्यात कढत मोरांबा गळ्यापर्यंत भरायचा, लगेच झाकण घट्ट लावायचं आणि बरणी पाच मिनिटं उलटी ठेवायची, म्हणजे झाकणाची आतली बाजूही कढत पाकानं निर्जंतुक होते. ही वाट काचेच्या, घट्ट फिरकीच्या झाकणाच्या बरण्यांसाठी.

दुसरी: मोरांबा पातेल्यातच, वर पातळ स्वच्छ फडकं बांधून पूर्ण गार करायचा आणि मग कोरड्या बरणीत भरायचा. चिनी मातीच्या बरणीला हीच बरी, कारण कढत पाकानं ती तडकू शकते.

कोमट मोरांबा भरून झाकण लावणं म्हणजे बुरशीला बोलावणं. आणि एवढी मेहनत घेतल्यावर पाच किलोची एकच बरणी भरू नका. ती रोज उघडली जाते, रोज एखादा ओला चमचा आत जातो, पावसाळ्याची हवा रोज आत शिरते. अर्ध्या-अर्ध्या किलोच्या बरण्या भरा, एक वापरात, बाकीच्या बंद. फ्रिजवर मदार ठेवणाऱ्यांना एवढंच सांगते, २०१९ आणि २०२१ च्या पुरात शहराच्या बऱ्याच भागांत वीज गेली होती. मोरांबा हा फ्रिज नसतानाच्या काळातला पदार्थ आहे, तो नीट झाला तर बाहेरच टिकतो.

फोडींच्या मोरांब्याला आणि मोरावळ्याला एक काम जास्तीचं आहे. तिसऱ्या दिवशी फोडी किंवा आवळे बाजूला काढून फक्त पाक उकळा, तापमान पुन्हा १०३ वर आणा, कढत पाक फोडींवर ओता. आठवड्यानं परत एकदा बघा. सैल वाटला तर पुन्हा. हे झाल्यावरच बरणी माळ्यावर टाका.

आता हातात असलेल्या बरणीचं काय?

नुसते खडे असतील, वास आणि चव ठीक असेल, तर मोरांबा वाचतो. किलोला दोन मोठे चमचे पाणी आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून मंद आचेवर ठेवा, एकही खडा शिल्लक राहू देऊ नका, आणि गार होताना ढवळू नका. जुनी बरणी तशीच वापरू नका, तिच्या कडेला कण असतातच.

पाक नुसता सैल झाला असेल, बुरशी, फेस, वास काहीच नसेल, तर पाक गाळून वर सांगितल्याप्रमाणे उकळा आणि नव्या बरणीत भरा.

बुडबुडे येत असतील, झाकण उघडताना फस्स आवाज झाला किंवा दारूसारखा वास आला, तर तो आंबला. टाका. उकळून वापरायचा मोह होतो, पण लहान मुलांच्या पोळीवर तो जाऊ नये.

दुसरी फळं

करवंदांत पेक्टिन आणि आंबटपणा दोन्ही असल्यामुळे त्यांचा जॅम सहज जमतो, फार आटवू नका एवढंच. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीत पेक्टिन कमी असतं, तिला लिंबाबरोबर थोडा कैरीचा किंवा कच्च्या पेरूचा शिजवलेला गर घातला की ती घट्ट बसते.

पिकलेला फणस, पपई, केळं यांचा जॅम करताना मात्र लिंबू चवीपुरतं नको, भरपूर हवं. या फळांत स्वतःचा आंबटपणा फार कमी असतो, आणि आम्लता पुरेशी नसलेल्या बंद बरणीत बोट्युलिझमचा, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचा, जीवाणू वाढू शकतो. आम्लता पीएचमध्ये मोजतात, आकडा जितका लहान तितका आंबटपणा जास्त. हद्द पीएच ४.६ ची आहे, मिश्रण तिच्या खाली आणायचं असतं. पीएचची पट्टी विज्ञानाचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळते. ती नसेल तर या फळांचा जॅम थोडाच करून फ्रिजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा.

तासगावच्या द्राक्षांचा जॅम केला की काही दिवसांनी त्यात काचेसारखे कण दिसतात आणि लोक घाबरतात, किंवा साखरला म्हणून पुन्हा पाणी घालून उकळतात. ती साखर नसते. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल पोटॅशियमबरोबर मिळून त्याचे खडे बनतात. खाण्यात आले तर अपाय नाही, पण दाताखाली कचकचतात. पुढच्या वेळी द्राक्षं शिजवून गाळलेला रस रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी वरचा नितळ रस अलगद ओतून घ्या, तळाला बसलेले कण टाकून द्या, आणि मग साखर घाला.